डेपो स्ट्रीटवरच्या टाळ्या

व्हर्नेल टॉलिव्हर शववाहिकेमागच्या गाडीतून उतरली आणि रस्त्यात आडवं लावलेलं बॅरिकेड दोन्ही हातांनी ओढू लागली. डोक्यावर काळी टोपी, हातात काळे मोजे, वय सत्तरीच्या पुढचं. बॅरिकेडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या टाकल्या होत्या, त्यामुळे ते जागचं हलेना. पलीकडे पिवळं जाकीट घातलेला एक गोरा तरुण होता. तो लगबगीनं पुढे आला.

"मॅडम, रस्ता बंद आहे. शनिवारी इथं बाजार असतो."

"दिसतंय मला."

"मिल रोडनं जा ना. तो मोकळा आहे अगदी."

"आम्ही काय सहलीला निघालोय, मोकळा रस्ता बघून जायला?"

तरुणानं शववाहिकेकडे पाहिलं, मागं उभ्या असलेल्या, दिवे लावलेल्या गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं, आणि खांद्यावरच्या यंत्रात हळू आवाजात कुणालातरी काहीतरी विचारू लागला.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ह्या बेलफोर्ड गावात, काळ्या वस्तीत माणूस मेला की त्याला चर्चमधून थेट दफनभूमीत नेत नाहीत. आधी गाडी त्याच्या दारावरून जाते. जिथं त्यानं आयुष्य घालवलं त्या दारात घटकाभर थांबते, इंजिन चालू ठेवून. माणसानं आपल्या जागेचा निरोप घ्यायचा आणि मग मातीत जायचं. ज्यांना स्वतःचं घर नव्हतं त्यांना, जिथं ते राबले त्या गिरणीच्या फाटकावरून नेत. अर्लिसची, म्हणजे व्हर्नेलच्या भावाची, जागा डेपो स्ट्रीटवर होती. तिथं त्याचं तळलेल्या मासळीचं दुकान होतं. शुक्रवारी दुपारी त्याच्या दारातली रांग रेल्वेच्या फाटकापर्यंत जायची, आणि त्या रांगेत गोरे, काळे, न्यायाधीश, झाडूवाले सगळे एकामागं एक उभे असायचे.

मग शहर सुधारायला लोक आले. विटांच्या पडीक इमारती त्यांनी घेतल्या, वरच्या मजल्यांवर राहायच्या जागा काढल्या, खाली झाडं लावली. रस्त्याला जुन्या काळचा रंग आहे म्हणून माणसं तिथं हौसेनं राहायला आली, आणि सहा महिन्यांत तळणाच्या वासाची तक्रार करू लागली. तळायची परवानगी गेली, घरमालकानं इमारत विकली आणि अर्लिसनं कढया उचलल्या. आता तिथं वाइनचं दुकान आहे. आत मासा औषधालाही मिळत नाही, पण भिंतीवर अर्लिसनं स्वतः रंगवलेली 'टॉलिव्हरची गरम मासळी' ही अक्षरं मात्र त्यांनी पुसली नाहीत. उलट त्यावर दिवा लावला. लोक तिथं उभं राहून फोटो काढतात. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळावर पाटी उंदराची.

अर्लिस त्यानंतर दोन वर्षं बहिणीच्या व्हरांड्यात बसला. तक्रार केली नाही की कुणाला शिव्या दिल्या नाहीत, आणि तेच व्हर्नेलला जास्त लागायचं. शेवटच्या दिवसांत त्यानं एकच मागितलं होतं.

"मला डेपो स्ट्रीटवरून ने. दारात थांबव. आत बसलेल्यांना जरा माना खाली घालू देत."

तिनं रीतसर विचारलं होतं. बाजारपेठ मंडळाच्या कचेरीत जाऊन, हॅट घालून. तिथल्या केल्सी ब्रँट नावाच्या मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं होतं की शनिवार जमणार नाही, सोमवारी मात्र हरकत नाही. मरणाराची सगळी माणसं अटलांटा, शार्लट, डेट्रॉइटहून येणार, ती शनिवारीच येऊ शकतात, हे तिला सांगून उपयोग नव्हता. मेल्यावरही माणसानं ह्यांच्या सोयीचा वार बघावा.

"लेम," व्हर्नेल म्हणाली, "धर त्या बाजूनं."

लेम्युएल ग्रँडबेरी शववाहिकेपुढे उभा होता. उंच टोपी, लांब काळा कोट, पांढरे हातमोजे, हातात काठी. ग्रँडबेरी घराणं तीन पिढ्या इथल्या काळ्या माणसांची प्रेतं धूत, सजवत आणि मातीपर्यंत पोचवत आलं होतं. व्हर्नेल आणि तो एका बाकावर शिकले होते. परवानगी नाकारल्याचं तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "परवानगी गेली खड्ड्यात. अर्लिसला मी नेतो." आता त्यानं काठी काखेत धरली, वाळूची पिशवी पायानं बाजूला सारली आणि दुसऱ्या बाजूनं जोर लावला. बॅरिकेड सरकलं. पिवळ्या जाकिटानं अडवलं नाही. मेलेल्या माणसाला कसं अडवायचं हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

व्हर्नेल गाडीत येऊन बसली. शेजारी अर्लिसची मुलगी जोनेल होती.

"आत्या, मनगट बघ. खरचटलंय."

"असू दे."

ग्रँडबेरी गाडीपुढे पायी चालू लागला. त्याची चाल सगळ्या गावाला माहीत होती. एक पाऊल, मग जरासं थांबणं, मग दुसरं. मागं चर्चच्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, त्यांच्यामागं गाड्या. दोन्ही बाजूंना बाजार मांडलेला होता. मध, अळिंबी, हातानं केलेले साबण, कुत्र्यांची बिस्किटं. माणसं मागं सरकून वाट देऊ लागली. गिटार वाजवणारा थांबला. सगळं चिडीचूप झालं, आणि व्हर्नेलला वाटलं, कळतंय ह्यांना. कितीही झालं तरी माणसंच आहेत, मरण ओळखतात.

मग कुठूनतरी टाळी वाजली.

एक वाजली, दोन वाजल्या, आणि बघता बघता सगळा रस्ता टाळ्या वाजवू लागला. फोन वर झाले. एक बाई आपल्या कुत्र्याचा पंजा धरून तो हलवत होती. खिडकीच्या उघड्या काचेतून आवाज आत येत होते.

"कसलं आहे हे?"

"काहीतरी जुनं, इथलं पारंपरिक. किती सुंदर ना?"

"त्या टोपीवाल्या आजोबांना बघ."

"आत्या, काच वर घे," जोनेल म्हणाली. ती रडत होती.

"नाही घेणार. त्यांना माझं तोंड दिसू दे."

तिचं तोंड कुणी बघत नव्हतं. सगळे पुढे बघत होते. वाइनच्या दुकानासमोर गाडी थांबली. बाहेरच्या टेबलावरची एक तरुणी उठून उभी राहिली, व्हर्नेलला वाटलं, ही तरी मान खाली घालणार, आणि मग नीट बघता यावं म्हणून ती तरुणी खुर्चीवर चढली. ग्रँडबेरी वळला. त्यानं टोपी काढली, शववाहिकेपुढे कमरेत वाकला, आणि तसाच थांबला. अर्लिस आपल्या दाराचा निरोप घेत होता. इंजिन घुरघुरत होतं, आणि टाळ्या अशा कडाडल्या, जणू जत्रेत डोंबाऱ्यानं दोरीवरून उडी मारली असावी.

ग्रँडबेरी सरळ झाला. टोपी डोक्यावर चढवली. आणि पुन्हा चालू लागण्याआधी, गर्दीकडे बघत, टाळ्या स्वीकारल्यासारखी दोन बोटं टोपीच्या काठाला लावली.

व्हर्नेलनं ते पाहिलं. तिनं हातमोजा काढून खरचटलेल्या जागेवर दाबला.

बुधवारी केल्सी ब्रँट दारात उभी राहिली. हातात दोरी बांधलेला केकचा खोका. दारात आलेल्याला, मग तो कुणीही असो, उन्हात उभं करायचं नाही अशी आईची शिकवण, म्हणून व्हर्नेलनं तिला आत घेतलं आणि गार गोड चहाचा पेला पुढे ठेवला. मनातून तो पेला तिच्या डोक्यावर ओतावासा वाटत होता.

"मिस व्हर्नेल, तुमच्या दुःखात आम्ही सगळे आहोत."

"बरं."

"आणि ते बॅरिकेडचं वगैरे, ते आम्ही मनावर घेतलेलं नाही."

"तुमचे उपकार आहेत."

मुलीला तो टोमणा कळला नाही, की कळूनही तिनं गिळला, देव जाणे. तिनं चहाचा घोट घेतला.

"लोक इतके भारावून गेलेत म्हणून सांगू. कितीजणांनी फोन करून विचारलं, पुन्हा कधी आहे म्हणून. ऑक्टोबरमध्ये आपला वारसा उत्सव असतो. तेव्हा अगदी तसंच करायचं ठरतंय. मिस्टर ग्रँडबेरी पुढे, मागं ती गाडी, पांढऱ्या कपड्यांतल्या बायका."

"आणि गाडीत कोण?"

"कुणी नाही. रिकामीच असेल अर्थात."

"रिकामी."

"हो, आणि दुकानाच्या दारात तुमच्या भावाचा मोठा फोटो लावू. त्या दिवसापुरती मासळीसुद्धा ठेवणार आहोत. रस्त्यावर तळायची खास परवानगी मिळतेय."

व्हर्नेलनं मांडीवरचा अॅप्रन दोन्ही मुठींत धरला. जी परवानगी मिळाली असती तर अर्लिस आज कढईपुढे उभा असता, ती आता त्याच्या फोटोला मिळणार होती. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. हे त्यावर मासा तळायला निघाले होते.

"तळणार कोण?"

"एक चांगला शेफ बघतोय आम्ही."

"पोरी," व्हर्नेल म्हणाली, "ती गाडी ग्रँडबेरीची आहे. त्याच्यापुढे हे तोंडातून काढशील तर तो काठीनं बाहेर काढेल तुला."

केल्सी ब्रँट गोंधळली. पेला खाली ठेवून म्हणाली, "पण मिस व्हर्नेल, ही कल्पना त्यांचीच आहे. सोमवारी ते स्वतः आले होते कचेरीत. मला वाटलं, तुमच्याशी बोलले असतील."

व्हर्नेलनं केकचा खोका तिच्याच हातात परत दिला, तिला दारापर्यंत नेलं आणि दार लावून घेतलं.

ग्रँडबेरीची इमारत डेपो स्ट्रीटच्या टोकाला होती. व्हर्नेल चालत गेली. तो शवपेट्यांच्या खोलीत एकटाच होता, बाह्या वर सारून पितळी कड्या पुसत होता. तिला बघून त्यानं फडकं खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बस."

"बसायला नाही आले. कल्पना तुझी म्हणे."

त्यानं नाही म्हटलं नाही. तेवढं खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"व्हर्नेल, ह्या वस्तीत आता मरायला तरी कोण उरलंय? सगळे हायवेपलीकडे गेले. तिथं मरतात, तिथलेच लोक पुरतात त्यांना. माझ्या इमारतीवर ह्यांचा डोळा आहे. आज ना उद्या काहीतरी काढतील, फिनेलच्या वासाची तक्रार येईल. मी त्यांच्या कामाचा दिसलो तर राहीन."

"अर्लिसही कामाचाच होता. जेवायला घालायचा त्यांना."

"म्हणूनच सांगतोय."

"अर्लिसला मी नेतो म्हणालास, तेव्हा तुझ्या डोक्यात हे चाललं होतं?"

"तेव्हा नाही. नंतर. टाळ्या वाजल्या तेव्हा." तो पुन्हा फडकं उचलून कडी पुसू लागला, पुसलेलीच. "सगळं आयुष्य त्या रस्त्यानं चालत आलो मी. बाप चालायचा, आजा चालायचा. आजाला तर फुटपाथवरून उतरून गोऱ्यांना वाट द्यावी लागायची, फक्त प्रेतापुढे चालत असला की उतरावं लागायचं नाही. पण टाळी कुणी वाजवली नाही, व्हर्नेल. कुणाच्याही बापानं नाही."

"वाजवायची नसते ती."

"मला ठाऊक नाही का?"

"होतं ठाऊक. म्हणून तर राग येतोय." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या लोकांचं मी समजू शकते. त्यांना कुणी सांगितलं नाही. तुला तुझ्या आज्यानं सांगितलं होतं. अर्लिस मागं पेटीत होता, लेम, आणि तू टोपीला हात लावलास."

ग्रँडबेरीचा हात कडीवर थांबला. खिडकीबाहेर कुणीतरी हसत हसत गेलं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. पण हा वासा फिरला नव्हता, नुसता दमला होता, आणि हे दिसत असूनही व्हर्नेलला त्याची कीव करायची नव्हती. निदान आज तरी नाही.

"माझ्या मातीचं सगळं तुझ्याकडेच ठरलंय ना?" तिनं विचारलं.

"हो. आईवडिलांच्या शेजारची जागा. ती निळी पेटी." तो घाईनं म्हणाला, "बदलायचं असेल तर बदल. मी समजेन."

"नाही बदलायचं. धुवायचं तूच, कपडेही तूच घालायचे. परक्याचा हात मला लागू द्यायचा नाही."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं मान हलवली.

"आणि चर्चमधून निघालं की आपण डेपो स्ट्रीटनं—"

"कुठूनही ने," व्हर्नेल म्हणाली. "पण कुणाच्याही दारात गाडी थांबवायची नाही. माझ्यासुद्धा."