बाईसाहेबांचा श्वास

सात वर्षं आप्पांचा उजवा हात बाईसाहेबांच्या तोंडात होता. बाईसाहेब म्हणजे फोमची बाहुली, देशाच्या सर्वोच्च नेत्याची बायको. साहेबही फोमचेच, पण डोकं एवढं मोठं की त्यांना हलवायला दोन माणसं लागत. "खऱ्या साहेबांना दोनशे लागतात," असं आप्पांची बायको म्हणायची. बाईसाहेबांचा आवाज तिचाच होता. घरात कधी 'गाढवा'च्या पुढे न गेलेली बाई, पण माईकसमोर उभी राहिली की अशा शिव्या हासडायची की कॅमेरामनचे कान लाल व्हायचे. त्यांचे चित्रपट फक्त प्रौढांसाठी होते, ते काही उगाच नाही.

कामाची पद्धत ठरलेली. आवाज आधी रेकॉर्ड व्हायचा, मग तो स्टुडिओत मोठ्याने लावून बाहुल्यांचं चित्रीकरण. आप्पा टेबलाखाली पाठीवर पडून, हात वर घालून, बायकोच्या आवाजावर बाहुलीचं तोंड उघडायचे, मिटायचे. तिने श्वास घेतला की यांची बोटं आपोआप फाकायची. शब्द येईपर्यंत तोंड तयार. हे दोघांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं.

तिला जाऊन पाच महिने झाले होते. नव्या चित्रपटाचे सगळे संवाद तिने आधीच रेकॉर्ड करून ठेवले होते. आज संडासाचा प्रसंग होता. साहेब तीन तास आत बसलेत, बाहेर मंत्रिमंडळ रांगेत उभं आहे, आणि प्रवक्ता दाराला कान लावून आतून येणाऱ्या प्रत्येक आवाजाचा अर्थ पत्रकारांना सांगतोय. "साहेबांनी सकारात्मक संकेत दिले आहेत." मग बाईसाहेब येऊन दार बडवतात.

"अहो, निघा बाहेर! तुमच्यामुळे अख्खा देश तुंबलाय!"

आप्पांचा हात चुकला. शब्द आधी आला, तोंड मागून उघडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

"आप्पा, बरं वाटत नाहीये का?" दिग्दर्शक बाईंनी विचारलं.

"मला काय धाड भरलीये? आवाजात श्वासच नाही."

सगळे एकदम आपापल्या कामाला लागले, आणि आप्पांना तेच खटकलं. इतके दिवस त्यांना अख्खं रेकॉर्डिंग मिळायचं. त्यात तिचं खाकरणं असायचं, मध्येच "थांबा हं, पुन्हा घेते" असायचं. यावेळी एकेक वाक्य सुटं करून दिलं होतं, जसं काही मोजून वाढलंय. गेल्या आठवड्यात माहिती खात्याची दोन माणसं येऊन चहा पिऊन गेली होती, जाताना हसत होती. आणि या प्रसंगात संहितेतला दोन ठिकाणचा 'हरामखोर' गायब होता. आप्पांनी दोन अधिक दोन केले. दिग्दर्शक बाईंना वरून दम मिळालाय. कोणीतरी मवाळ नक्कल करणारी आणून बसवलीये. ती जिवंत असताना कोणाची टाप नव्हती, आता बोलायला नाही म्हणून तिला पुसून टाकताहेत.

जेवणाच्या सुट्टीत ते थेट ध्वनीच्या खोलीत गेले. रेकॉर्डिंग करणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. त्याने आप्पांना बघून स्क्रीन बंद केली.

"कोण आहे रे ती?"

"कोण ती?"

"जिचा आवाज लावलास ती."

"आप्पा, काकूंचाच आवाज आहे. आईची शपथ."

"आईला कशाला मध्ये आणतोस? अख्खं रेकॉर्डिंग लाव."

"तेवढं सोडून काहीही सांगा."

"मग बाहुलीत दुसऱ्याचा हात घाल. मी चाललो घरी."

दिग्दर्शक बाई दारात येऊन उभ्या होत्या. "लाव रे," त्या म्हणाल्या.

"काकूंना शब्द दिलाय, बाई."

"माहीत आहे. लाव."

कानसेनने लावलं. आधी श्वास आला. लांबच लांब, घरघरणारा, सायकलच्या फाटक्या पंपासारखा. मग खोकला. तो थांबता थांबेना. मग तिचा नेहमीचा आवाज, "कानसेना, ही घरघर कापून टाक हं. ह्यांना कळलं तर टेबलाखालून उठून मला दवाखान्यात नेऊन टाकतील, आणि पिक्चर राहील साहेबांच्या पोटात!" स्वतःच्याच विनोदावर ती हसली, पुन्हा खोकली. "चल, घे."

आप्पांनी खुर्चीची पाठ धरली. "कधीचं हे?"

"वर्ष होईल."

दवाखान्यात नेलं त्याच्या सात महिने आधीचं. तेव्हा घरी ती सांगायची, फोमच्या भुशाने घसा खवखवतो. आणि आप्पा तिला गरम पाणी करून द्यायचे.

"आणि हरामखोर कोणी गाळला? खात्याच्या माणसांनी ना?"

"ते फुकट पास मागायला आले होते," बाई म्हणाल्या. "दोन्ही हरामखोर काकूंनीच सोडले. तिथवर दम पुरत नव्हता."

आप्पांनी खुर्चीची पाठ सोडली.

"श्वास परत घाल," ते म्हणाले. "सगळे. घरघरसुद्धा."

"लोक हसतील, आप्पा. धापा टाकत शिव्या देणारी बाई..."

"हसू देत. ती काय त्यांना रडवायला उभी राहायची?"

दुपारी शॉट लागला. आप्पा टेबलाखाली आडवे झाले, हात वर घातला. श्वास सुरू झाला तशी बोटं फाकली आणि ती घरघर संपेपर्यंत तशीच ताणलेली राहिली. दाराबाहेर बाईसाहेब तोंड वासून हवा ओढत होत्या. मग त्यांनी देश तुंबल्याचं सांगितलं, आणि तोंड बरोबर शब्दावर मिटलं.

"ओके!"

आप्पा बाहेर आले नाहीत. टेबलाखालून त्यांना फक्त सगळ्यांचे पाय दिसत होते.

"तुमच्यातल्या किती जणांना माहीत होतं?" त्यांनी खालूनच विचारलं.

पायांची चुळबूळ झाली. मग बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याच्या चपला एक पाऊल पुढे आल्या. मग कॅमेरामनचे बूट. मग एकेक करत सगळेच.