पेनाचा गोल

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या अंगाला, डोक्यापासून उजव्या पायापर्यंत, चकाकणारे अकरा चेंडू चिकटवले. बोराएवढे. देऊळघाटच्या आमच्या अंगणात मी सहा कॅमेरे उभे केले होते. कॅमेरे चेंडू पाहतात, आणि चेंडूंवरून कॉम्प्युटर सांधा किती वळला ते मोजतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत माझं हेच काम.

बाबा तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. उजवा गुडघा दुखायचा, उभं राहायला त्रास होत होता, म्हणून त्यांना खाटेवर बसवूनच मी गुडघ्याच्या बाहेरचं हाड चाचपलं, पेनाने गोल काढला आणि गोलात चेंडू लावला.

ते चालले. पडद्यावर त्यांचा गुडघा चाळीस अंश बाजूला वाकला. असा पाय घेऊन कोणी फाटकापर्यंतही जाऊ शकत नाही.

"म्या बराबर चाललो ना, महामाया?"

"नाही. सरळ चाला."

आठव्या फेरीनंतर मी म्हणाले, "तुमच्यामुळे दिवस वाया गेला."

"रिव्हर्समधी येऊन पाहू का?" ते म्हणाले.

तेवढ्यात शेजारून सत्यभामाआत्या आली. "गुलाब, हे काय लावलं रे?"

"पुण्याचं औषध हाय," बाबांनी ठोकून दिलं. "दुखणं थांबलं माह्यं."

आत्याने लगेच कोपर पुढे केलं. "लाव वं पोरी."

"आत्या, हे औषध नाही. हे फक्त मोजतं."

"मंग मोज ना किती दुखते ते!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतले बारा जण चेंडू लावून गेले. बाबा फाटकाला टेकून ओरडत होते, "आधी उतरणाऱ्यायले उतरू द्या!"

पहाटे त्यांचं हृदय बंद पडलं.

सकाळी माणसं जमली ती पांढरे कपडे घालून आणि चेंडूंसकट. आत्याच्या कोपराला दोन, किसनरावांच्या मानेवर तीन. मी काढायला गेले तर किसनराव मागे सरकले. "राहू दे बाई. आज कुठं जराशी मान वळून राह्यली."

कॅमेरे बंद करायचे राहून गेले होते. बाबांना आंघोळीसाठी अंगणात आणलं, सगळे त्यांच्यावर वाकले, आणि खिडकीतला लॅपटॉप टिंग करून वाजला. 'गुलाबराव. नोंद सुरू.' त्याने बाराही जणांचे चेंडू रेघांनी जोडून एक माणूस तयार केला होता. डोकं नळापाशी, कंबर फाटकाशी, गुडघा आत्याचं कोपर. गुडघा बाजूला दोन अंश वाकत होता. अगदी निरोगी. इतकी स्वच्छ नोंद मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

"पाणी घाल पोरी," आत्या म्हणाली.

मी पायांवर पाणी घातलं. पाय आता सरळ होता. त्यांचे चेंडू मी रात्रीच काढले होते, पण पेनाचा गोल पुसला गेला नव्हता. मी हाड चाचपलं. हाड गोलात नव्हतं, दोन बोटं खाली होतं.

विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवते. चेंडू माणसाला उभं करून लावायचा. बसवून लावला तर पाय सरळ होताना कातडी सरकते आणि चेंडू तिच्याबरोबर जातो. हाड जागेवरच राहतं.

"काय मोजून राह्यली वं आता?" आत्याने विचारलं.

"बाबा," मी म्हणाले. सगळे ऐकत होते. "चेंडू मी चुकीच्या जागी लावला होता. तुम्ही बराबर चालले. आठही फेऱ्या."