तिसऱ्या पानावरचं वाक्य

शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या सुलोचनाबाईंनी एका पंप बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते. त्यांचं पाहून बोरगाव मेघेतल्या त्यांच्या शेजाऱ्यांनी, बापूरावांनीही घेतले. त्यामुळे या कंपनीच्या मोटारी शेतात जळत असल्याची बातमी पेपरात आली आणि भाव कोसळला, तेव्हा बाईंना स्वतःपेक्षा बापूरावांचीच काळजी लागली.

दोन दिवसांनी कंपनीचा चार पानी खुलासा आला. बाईंनी तो छापून आणला आणि पेन्सिल घेऊन बसल्या. पहिली दोन पानं बातमी कशी खोडसाळ आहे आणि कंपनीची परंपरा किती थोर आहे, यातच खर्ची पडली होती. उत्तर येत नसलं की मुलं असंच पान भरतात, हे बाईंना पाठ होतं. मोटारी जळल्याच नाहीत, असं मात्र कुठेच म्हटलेलं नव्हतं. तिसऱ्या पानाच्या तळाशी एकच सरळ वाक्य सापडलं : गेल्या वर्षीच्या काही मोटारी सदोष निघाल्या, त्या कंपनी फुकट बदलून देत आहे.

बाईंनी ते वाचून दाखवलं, तशी बापूरावांनी मान हलवली.

"त्यायनंच कबूल केलं. मंग आपण शेअर ठेवून काऊन थांबाचं?"

"कबूल केलं म्हणूनच थांबावंसं वाटतं," बाई म्हणाल्या. "पण खरंच बदलून देतात का, ते पाहून येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बसने पवनारला गेले. तिथे अश्वजितचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. कंपनीचं नाव काढताच तो सुरू झाला. मागच्या उन्हाळ्यात रोज दोन-तीन जळक्या मोटारी दुकानात येत होत्या म्हणे. बापूरावांचा चेहरा उतरला.

"आणि आता?" बाईंनी विचारलं.

"आता कायच्या येतात, मॅडम? दिवाळीपासून कंपनीची गाडी येते, जुनी नेते, नवी देते. माह्या धंद्यावर पाणी फेरलं त्यायनं." एवढं बोलून तो स्वतःच हसला आणि त्याने चहा सांगितला.

बापूरावांनी त्या आठवड्यात निम्मे शेअर विकले. बाईंनी सगळे ठेवले. कोणी कोणाला समजावत बसलं नाही. पण ते पुढचं. त्या दिवशी पवनारच्या धाम नदीच्या काठावर बसून दोघांनी रुख्माबाईंनी, बापूरावांच्या बायकोने, दिलेला डबा खाल्ला आणि दुपारची बस आरामात चुकवली.