आभारांचं पान

“जिचं नाव नुसतं आभारांच्या पानावर येतं ना, तिच्यावर लक्ष ठेव गं,” महिला सभेची वही माझ्या हातात देताना जुन्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या होत्या. “विनंत्या सांगणाऱ्या बायका बोलून मोकळ्या होतात. त्यांची काळजी नाही.”

मी हसून मान हलवली. कडेवरची आठ महिन्यांची लेक त्यांचा चष्मा ओढत होती, माझं अर्धं लक्ष तिकडे. शिवाय चौदा वर्षं सांभाळलेली वही सोडवत नसेल, म्हणून काहीतरी सांगतायत झालं, असं मला वाटलं.

वहीची पद्धत सोपी होती. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत जमायचो. डाव्या पानावर प्रार्थनेच्या विनंत्या, उजव्या पानावर आभार. डावीकडे नाव आलं की आठवड्याभरात दोघीजणी त्या घरी जाऊन यायच्या. उजवीकडे आलं की सगळ्या मिळून ‘आमेन’, आणि पुढचं नाव. पदवी आणि बरं अक्षर यांच्या जोरावर हे काम मला मिळालं होतं आणि मी ते नेटकं करत होते.

मेट्रनमावशींचं नाव कायम उजवीकडे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. “लिही, छान झोप लागली.” “लिही, अख्खा जिना चढले, मधे चारदाच बसले.” बायका खो खो हसायच्या. मीही.

उन्हाळा तोंडावर आला आणि आमचा फ्रीज बंद पडला. मी नुकतीच कामावर परत रुजू झाले होते. लेकीसाठी दूध काढून ठेवून जायचे. नवरा म्हणाला, “कंप्रेसर गेलाय. पुढच्या महिन्यात बघू.” त्या बुधवारी मी डाव्या पानावर स्वतःचंच नाव लिहिलं. गुरुवारी सकाळी दारात हातगाडी. गाडीवर मावशींचा छोटा फ्रीज आणि गाडीमागे छत्री उघडून स्वतः मावशी.

“अहो मावशी, हे काय? तुम्हाला लागेल ना!”

“मला एकटीला काय थंड करायचंय? डोकं तर आधीच थंड आहे. जागा उरली तर तुझ्या नवऱ्याचं ठेव त्यात.”

नवरा हसला, मी रडले. रविवारी उपासनेत उभं राहून मी साक्ष दिली, मावशींनी स्वतःचा फ्रीज कसा दिला ते सगळ्यांना सांगितलं. पाळकसाहेबांनी तोच धागा उचलला. माणसाची श्रीमंती घरात काय आहे त्यावरून नाही, हातून काय सुटतं त्यावरून ठरते, असं ते फार सुंदर बोलले. मावशी खाली मान घालून ऐकत होत्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आता जे सांगायचंय त्याचा मला अजून राग येतो. मी बारीक लक्ष असणारी बाई आहे. लेकीचा श्वास मोजते, गॅस बंद केलाय का ते दोनदा बघते. पुढच्या बुधवारी मावशी एका बैठकीत तांब्याभर पाणी प्यायल्या, ते मी पाहिलं. एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा, तेही पाहिलं. विचारलं तर म्हणाल्या, “लिही, चप्पल चावली पण मला कळलंसुद्धा नाही.”

मी लिहिलं. आभारांत लिहिलं.

नंतर दोन बुधवार त्या आल्या नाहीत. डाव्या पानावर त्यांचं नाव नव्हतं, म्हणून कोणी गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या घरमालकांचा चर्चमध्ये फोन आला. “तुमच्या बाई जिन्यात पडल्या. दवाखान्यात नेलंय. पायाला वास येत होता हो.”

त्यांचे कपडे आणायला मी गच्चीवर गेले. खोली भट्टीसारखी तापली होती. कोपऱ्यात पाण्याची बादली, बादलीत स्टीलचा डबा, डब्यात इन्सुलिनच्या बाटल्या. तळाशी कणी धरलेली. जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचणारी ही बाई स्वतःला दिवसातून दोनदा टोचत होती आणि आमच्यापैकी कोणालाही ते ठाऊक नव्हतं. तिचं औषध जिथे असायला हवं होतं, तिथे माझ्या दुधाच्या बाटल्या होत्या.

त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. शुद्धीवर आलेल्या बाईवर ओरडू नये एवढं मला कळतं. तरी ओरडले.

“मावशी, तुम्ही नर्स! औषध खराब झालेलं तुम्हाला दिसलं नाही?”

“दिसलं की. म्हटलं, पाण्यात ठेवते, चालेल.”

“परत मागायचा ना फ्रीज! मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

“दिलेलं परत मागतात का कोणी?”

“मग निदान सांगायचं तरी! दर बुधवारी येऊन नुसतं लिही, लिही!”

शेजारच्या खाटेवरची बाई उशीला टेकून ऐकायला लागली. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हळू बोल. खरं सांगू? वस्तू हातून सुटली की मला फार हलकं वाटतं. तो आनंद खराच आहे, त्याला नावं ठेवू नकोस. पण त्या रविवारी तू माझ्याबद्दल बोललीस ना, तेही मला फार आवडलं. मग डाव्या पानावर जायची लाज वाटायला लागली. साड्या सुटल्या, भांडी सुटली, तेवढं एक सुटेना बघ.”

तेवढ्यात पाळकसाहेब आले, खाटेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, “केवढा त्याग!”

“साहेब, आता पुरे,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. पण चिडायचं तरी कोणावर? साक्ष देणारी मीच. तिची श्रीमंती खोटी नव्हती. आम्ही मात्र ती ऐकून ऐकूनच तृप्त होत होतो.

मावशी नको नको म्हणत असतानाच आम्ही फ्रीज पुन्हा वर चढवला. डॉक्टरांनी बजावलंय: तळवा रोज बघायचा, नवी जखम झाली तर त्यांना स्वतःला कळणार नाही आणि मग पाऊलच जाईल. त्यांना वाकता येत नाही. म्हणून कामावर जाण्याआधी मी जिना चढते. त्या पाय पुढे करतात आणि तोंड भिंतीकडे वळवतात. परक्यांचे पाय मांडीवर घेऊन पट्ट्या बांधणाऱ्या बाईला स्वतःचा पाय कोणाच्या हातात देणं जमत नाही. मी तळवा उजेडात धरून बघते. बोटांच्या मधली जागा पुसते आणि मोजा चढवते.

तुमच्याही मंडळीत अशी एक असेल, सदा खूश, काही न मागणारी. आज तिच्या घरी जाऊन या. ‘बऱ्या आहात ना?’ असं विचारू नका, ती हो म्हणेल. खाली जमिनीवर बसा आणि म्हणा, पाय दाखवा.