नळ आधी कुणी सोडायचा

नळदुर्गच्या हायवेवर अमरनाथचं नळांचं दुकान होतं. पितळी नळ, स्टीलचे नळ, गरम-गार एकत्र सोडणारे नळ, भिंतभर टांगलेले. आणि त्याच्याच घरात त्याच्या आईला, शिवम्माला, पहाटे बेसिनवर टाकीतलं गारठलेलं पाणी. याला काय म्हणायचं? शिवम्मा जे म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. डॉक्टरांनी पहाटेची अंघोळ बंद केल्यापासून ती उठली की बाथरूममधल्या छोट्या बेसिनवर हात-तोंड धुवायची, कपाळाला विभूती लावायची आणि गळ्यातलं इष्टलिंग, लिंगायतांचा अंगावरचा देव, डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायची. गिझर होता, पण त्याचा नळ खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिथं वाकलं की तिला उठता येत नसे. गेल्या थंडीत गार पाण्यानं बोटं पार आखडली आणि लिंग तळहातावरून निसटून फरशीवर पडलं. जीव गेला तरी चालेल पण लिंग पडू नये, हे लहानपणापासून ऐकलेली बाई ती. दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही तिनं. मठातून जंगम पुरोहित आले, विधी झाला, लिंग पुन्हा गळ्यात आलं. भीती मात्र गेली नाही. रोज लिंग हातावर घेताना ती उजवा हात खाली आधाराला धरायची.

"अमरनाथा, गिझरवरनं एक पाईप बेसिनला दे की रं. हातभराचं तर काम हाय."

"अव्वा, भिंत फोडावी लागती. टाइल्स नव्या हायत. तसल्या आता मिळत न्हाइत."

मग दिवाळीनंतर बघू, मग संक्रांतीनंतर बघू. सून शिवरंजनी सासूच्या बाजूनं बोलली, तर "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून तिचंही तोंड बंद केलं. दुसरी थंडी आली तरी बघणं काही संपेना.

आणि मग मठाचे स्वामी पाद्यपूजेला घरी येणार असं ठरलं. त्याच संध्याकाळी प्लंबर ड्रिल घेऊन हजर! न मिळणाऱ्या टाइल्स खडाखड फुटल्या, भिंतीला झिरी मारली, पाईप बसला, दुकानातला सगळ्यात भारी नळ बेसिनवर आला.

"स्वामीजींनी काय गार पाण्यानं हात धुवायचे का?" अमरनाथ म्हणाला. आईच्या तोंडावर म्हणाला.

शिवम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं स्वतःची समजूत घातली. कुणाच्या का नावानं होईना, गरम पाणी तर आलं. पण अमरनाथनं नळाला प्लॅस्टिक गुंडाळलं, वरून चिकटपट्टी मारली आणि बजावलं, "स्वामीजींच्या हातानं सुरू करायचा ह्यो नळ. तवर कुणी हात लावायचा न्हाय. अव्वा, तू बी न्हाय."

स्वामी यायच्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी गिझर कधीचाच चालू होता. शिवम्मा बेसिनसमोर उभी राहिली. चिकटपट्टी बोटांनी निघेना, तेव्हा तिनं ती दातांनी तोडली. प्लॅस्टिक ओरबाडून फेकलं आणि नळ सोडला. पाणी आधी गार आलं, मग कोमट, मग गरम. तिनं दोन्ही हात खाली धरले आणि नळ पुरता मोकळा केला.

आवाज ऐकून अमरनाथ धावत आला. "अव्वा! सांगितलं हुतं ना तुला? लाज घालवतीस का माझी?"

"लाज? गिऱ्हाइकाला नळ इकून पोट भरतोस आन् आईला दोन थंड्या झुलवत ठेवतोस. तवा कुठं गेलती लाज?"

"हळू बोल, लोक आलेत."

"येऊ दे की! ऐकू दे! स्वामी येत्यात म्हणून भिंत फुटली. माझ्या हातावर रोज देव येऊन बसतोय, त्येच्यासाठी न्हाय फुटली. का तुझा देव येगळा हाय?"

शिवम्मानं हात पुसले, विभूती लावली आणि रोजच्या कोपऱ्यात न जाता थेट बाहेरच्या खोलीत गेली. तिथं स्वामींसाठी चौरंग मांडला होता. त्याच्यासमोर, ऐन वाटेत, ती मांडी घालून बसली आणि लिंग तळहातावर घेतलं. आता तिला उठवायची कुणाची टाप नव्हती. हातावर लिंग असलेल्या माणसाला कोण उठवणार? अमरनाथ पूजेचं ताट हातात घेऊन दात-ओठ खात दारात उभा राहिला.

तेवढ्यात स्वामी आले. त्यांनी शिवम्माकडं पाहिलं, उंबऱ्यातच थांबले आणि हात जोडले.

"अव्वांची पूजा चाललीय," ते म्हणाले. "होऊ द्या. आम्हाला घाई न्हाय."

जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले. मग अमरनाथलाही हातातलं पूजेचं ताट खाली ठेवून, भरल्या घरात, आईसमोर हात जोडावेच लागले.

शिवम्माचा जप संपत आला होता. तिनं एकदा मान वर करून लेकाकडं पाहिलं आणि जप पहिल्यापासून पुन्हा सुरू केला.