कच्च्या पानांचा वास

दक्षिण चीनमधल्या फंगहुआंग डोंगरावर म्हाताऱ्या को देशौंच्या नाकाला मान होता. ऊलाँग चहाची पानं बांबूच्या थाळ्यांत रात्रभर थांबून थांबून घुसळायची. कच्चा वास जाऊन फुलांचा वास उठला की लगेच कढईत टाकायची. ती वेळ ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सून बाओलिएन घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. तोडणी, वेचणी, भट्टीचा जाळ सगळं तीच बघायची, पण थाळ्यांपाशी तिनं यायचं नाही, असा सासऱ्यांचा नियम होता. नवरा शांतौ शहराच्या बंदरात क्रेन चालवायचा आणि सणावारी तेवढा यायचा.

त्या वसंतात पहिलाच घाणा बिघडला. बाओलिएननं झाकणाच्या वाटीत चहा काढला, रिवाजाप्रमाणे तीन इवल्याशा पेल्यांत ओतला आणि पहिल्याच घोटाला ती थबकली. सासऱ्यांनी मात्र पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि छान उतरलाय म्हणाले.

तिनं आणखी एक घोट घेऊन पाहिला. मग हळूच म्हणाली, "बाबा, हा कच्चा राहिलाय. तुम्हाला कळलं नाही?"

देशौंनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. हिवाळ्यातल्या तापानंतर वास येईनासा झाला होता. बायकोच्या श्राद्धाला उदबत्ती लावली, धूर डोळ्यांत गेला, पण नाकाला काहीच नाही. तेव्हा त्यांना समजलं. चहा कडू लागला होता, पण तापापासून त्यांना सगळंच कडू लागायचं.

"मुलाला सांगू नकोस," ते म्हणाले. "तो झाडं विकायला लावील."

तिनं वचन दिलं नाही. एवढंच म्हणाली, "उद्या थोरल्या झाडाची पानं येतील. मी थाळ्यांपाशी उभी राहू का?"

थोरलं झाड देशौंच्या पणजोबांच्याही आधीचं होतं. त्याचा वर्षाला एकच घाणा निघायचा. दुसऱ्या दिवशी पानं उन्हात मऊ झाली, आणि देशौंनी थाळ्याची एक कड तिच्याकडे सरकवली.

त्या रात्री ते पानं हातानं चाचपत आणि ती वास घेई. वासांसाठीचे सासऱ्यांचे ठरलेले शब्द तिच्यापाशी नव्हते. आधी ती म्हणाली की सोललेल्या ओल्या शेंगांसारखं येतंय; नंतर म्हणाली की पपनसाच्या फुलांसारखं, पण लांबून. तांबडं फुटायच्या सुमाराला पानांच्या कडा लाल झाल्या. देशौ म्हणाले, "झालं. कढई तापव."

"नाही बाबा. अजून खाली हिरवं आहे."

आजवर या घरात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. पन्नास वर्षांचा हात आता कढईत टाक म्हणत होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती थाळ्यावर वाकली होती, मान जराही हलली नाही. देशौ भिंतीशी टेकून बसले. उजाडलं, कोंबडे आरवून गप्प झाले, तेव्हा कुठे ती म्हणाली, "आता."

कढईतून काढलेली पानं वाळल्यावर तिनं चहा करून तीन पेले भरले. देशौंनी घोट घेतला.

"सांग," ते म्हणाले.

तिनं सांगितलं. पपनसाचं फूल आता जवळ आलंय, मागे थोडा मध आहे, आणि पेला रिकामा झाला तरी वास राहतोय. देशौ मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण तिनं तिकडे पाहिलं नाही.

"जिभेला कडूच, पण घशात गोड उतरतंय," शेवटी ते म्हणाले. "एवढं मला अजून कळतं."

संध्याकाळी त्यांनी स्वतःच मुलाला फोन लावला, आपलं नाक गेलंय आणि थाळ्यांपाशी आता बाओलिएन आहे, हे सांगायला.