मागची वाट

थोरलीने गुडघ्याचा पट्टा सोडून तिसऱ्यांदा बांधला आणि ती बूट चढवायला वाकली, तेवढ्यात धाकटी बहीण हॉटेलच्या खोलीत आली.

"ताई, राहू दे बूट. वरची वाट बंद आहे म्हणे. दरड आलीये."

"कोण म्हणालं?"

"खाली सांगितलं. आम्ही तिघी जरा बाजारात चक्कर मारून येतो. तू बस निवांत तळ्याकाठी. उगाच गुडघ्याला त्रास कशाला?"

धाकटी गेली. थोरली एक बूट हातात धरून बसून राहिली. बसमध्ये तीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडल्यावर गुडघ्याचं जे व्हायचं ते झालं होतं. ऑपरेशनला आठ महिने झाले होते. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवसापासून ती रोज सकाळी आपल्या इमारतीचे चार मजले चढत-उतरत होती. दर वर्षी त्या दोघी बहिणी आणि दोन मैत्रिणी अशा चौघी मिळून कुठला तरी डोंगर चढायच्या. त्यात गेली दोन वर्षं तिला घरी बसावं लागलं होतं. यंदा तळ्यावरच्या डोंगराच्या माथ्यापर्यंत जायचं म्हणजे जायचंच, असं तिने ठरवलं होतं. आता दरडीवर चिडून काय उपयोग!

भाड्याने घेतलेली काठी परत करायला ती खाली गेली. काउंटरवरच्या बाई काठीला हात लावेनात.

"बंद? छे हो! कोणी सांगितलं? तुमच्या तिघी आत्ताच गेल्या की वर."

थोरलीने काठी पुन्हा स्वतःकडे ओढून घेतली.

"दुसरी वाट आहे का हो? सोपी?"

"मागून आहे. लांब पडते, पण चढ कमी. दमाने जा."

पहिला तासभर ती मनातल्या मनात कडाकडा भांडली. खोटं बोलायचं? माझ्याशी? पण वाट खरंच सोपी होती, गुडघा शहाण्यासारखा चालत होता, खाली तळं प्रत्येक वळणावर मोठं होत होतं आणि होड्या लहान. इतका वेळ रागावून राहणं तिला कधीच जमलं नव्हतं. काळजीपोटीच बोलल्या असतील, झालं. धाकटी तर पहिल्यापासून घाबरट. शेवटच्या चढावर आली तोवर थोरलीने तिघींना माफसुद्धा करून टाकलं होतं. खडकामागून एकदम पुढे व्हायचं आणि ओरडायचं, "तिकीट, तिकीट!" कसल्या दचकतील मेल्या! ती एकटीच हसली.

माथ्यावरून हसण्याचा आवाज येत होता. ओरडायला दम हवा म्हणून ती खडकाला टेकून थांबली आणि तिने डोकावून पाहिलं.

पोस्टातली आणि नर्स, दोघी जुन्या मैत्रिणी, डबे उघडून बसल्या होत्या. धाकटी त्यांच्यापुढे उभी होती. एक हात कमरेवर, एक पाय फरपटत, तोंड वेडंवाकडं करून ती चालत होती.

"पुढे सरका, पुढे सरका! आई आई गं... एक मिनिट हं, आलेच मी!"

आवाज हुबेहूब होता. नर्सला हसून हसून ठसका लागला.

"पुरे गं," पोस्टातली डोळे पुसत म्हणाली. "बिचारी."

"बिचारी कसली! दोन वर्षं किती सुखाने फिरलो आपण. आता काय, दर वर्षी दरड पाडावी लागणार मला!"

तिघी पुन्हा खिदळल्या.

थोरलीचं ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं होतं. तिने ते मिटलं. रडू येत होतं, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, की आपण खुळ्यासारख्या खुशीत इतक्या वर आलो. तळ्याकडे न बघता ती वळली.

संध्याकाळी तिघी परतल्या. बाजारात घेण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं, असं तिघींनीही सांगितलं. मैत्रिणी आपल्या खोलीत गेल्यावर धाकटीने तेलाची बाटली काढली. ऑपरेशनपासून हा तिचा नेम होता. बहिणीच्या घरी रोज संध्याकाळी येऊन ती गुडघा चोळून द्यायची. आताही पलंगापाशी बसून तिने तो मांडीवर घेतला.

"आज बराच सुजलाय गं. बसूनच होतीस ना?"

"उतरताना दुखला."

"उतरताना? कुठून?"

"वरून."

चोळणारे हात थांबले.

"नक्कल छान करतेस," थोरली म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "फक्त पाय चुकला. तू उजवा ओढत होतीस."

धाकटीने खाली पाहिलं. तिच्या दोन्ही हातांत डावा गुडघा होता.